खिडकीसमोरचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, पाणी साठवायचा. उंची माणसाच्या कमरेच्या थोडी वर, अंगावर दोन मोठे पोचे, आणि बुडाशी कथलाच्या डागाचं एक ओबडधोबड ठिगळ. त्या ठिगळातून अजूनही थेंब थेंब पाणी गळतं. पण त्याला नावं ठेवू नका. ते एका घड्याळजीनं दोन दिवस खपून लावलेलं आहे. त्याच ठिगळाची गोष्ट सांगायला मी आज तोंड उघडलं आहे. एरवी माझ्या तोंडावर लाकडी झाकण असतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, जोडला, वर-खाली कडी ठोकली आणि मला गोल केलं. माझ्या पोटात साबणाचं तेल भरून मला गावोगाव फिरवलं. तेल संपल्यावर मला कुणी विचारीना. काही वर्षं मी रस्त्याच्या खोदकामापाशी उभा होतो. गाड्यांनी खड्ड्यात पडू नये म्हणून मला तांबडे-पांढरे पट्टे मारले होते. पहिला पोचा तिथलाच. एका मोटारीला खड्डा दिसला नाही आणि मीही दिसलो नाही. मग भंगारवाल्यानं मला उचललं आणि त्याच्या अंगणात मी उलटा पडून राहिलो. आपलं आता वितळणंच बाकी आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

तिथून मला शिवणकाकूंनी आणलं. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. त्या कपडे शिवायच्या म्हणून शिवणकाकू, आणि त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून घड्याळकाका. काकूंनी मला पाहिलं, बोटांनी टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि भंगारवाल्याला म्हणाल्या, "भोक नाही ना कुठं? नंतर कळलं तर इथंच आणून आदळीन." मग घरी आणून तीन दिवस मला भुसा, राख आणि साबणानं घासलं. माझ्या पोटातला तेलाचा वास गेला तेव्हा त्यांच्या हातांना तो लागला होता.

एवढा खटाटोप कशासाठी? एका हातभर रोपासाठी. ते होतं कॅमेलियाचं. आपण ज्याची पानं उकळून चहा पितो, त्या झाडाचं हे भावंड. पानं जाड, गर्द हिरवी, पुसून ठेवल्यासारखी चकचकीत. काकूंकडे कोटाला अस्तर लावून घ्यायला एक रोपवाल्या बाई यायच्या. त्यांनी ते दिलं आणि देताना दहा सूचना दिल्या. फार खोल लावू नकोस, खोडाशी मातीचा ढीग करू नकोस, दुपारच्या कडक उन्हात ठेवू नकोस. पण शेवटची सूचना त्यांनी दोनदा सांगितली. "याला नळाचं पाणी देऊ नकोस. आपल्याकडच्या पाण्यात चुना आहे. याला चुन्याचं वावडं. पावसाचं पाणी साठव आणि तेच घाल."

काकूंनी शिवणाच्या खोलीच्या खिडकीबाहेर ते रोप लावलं आणि त्याच्या शेजारी, छपराच्या पन्हळीखाली, मला उभं केलं. पन्हळीतून येणारं पाणी माझ्या पोटात आणि माझ्या तोटीतून टिनाच्या मगात. रोज सकाळी काकूंची मुलगी तो मग भरून झाडाला घालायची. तिला घरात चिमणी म्हणत. एकदा चिमणीनं कंटाळून विचारलं, "आई, नळ इतका जवळ आहे, मग हे कशाला?" काकूंनी तिला स्वयंपाकघरातून किटली आणून दाखवली. किटलीच्या आत पांढरा, खरखरीत थर बसला होता. "हे बघ. किटलीच्या पोटात जे बसतं, तेच याच्या मुळाशी बसतं. मग त्याला जेवणच जात नाही." चिमणीनं नखानं थर खरवडून पाहिला. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

घड्याळकाका त्या वेळी दुकानात होते. ते नेहमीच दुकानात असत. माणूस वाईट नव्हता हो. घड्याळाच्या बाबतीत तर देवमाणूस. पण डोळ्याला भिंग लावलं की त्यांना भिंगापलीकडचं काही दिसत नसे आणि ऐकूही येत नसे. माझ्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. नळाला पाणी असताना बायको छपराचं पाणी साठवते म्हणजे चिकटपणाच. "उद्या धुकं पण बरणीत भरून ठेवशील," असं म्हणून ते काकूंना चिडवायचे. काकू गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातावर फटका मारायच्या. "तुम्हाला काय कळतंय!" हसत हसत ते दुकानाकडे निघायचे. त्यांना खरंच काय कळतंय, हे कुणी थांबून पाहिलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि काकूंनी सांगितलं नाही. सांगायची काय घाई होती?

झाडाला फूल यायला सात वर्षं लागली. उन्हाळ्याच्या अखेरीस पानांच्या बेचक्यात हिरव्या गोळ्यांसारख्या कळ्या धरल्या आणि थंडी भरात आल्यावर पहिली उमलली. फिकट गुलाबी, एकीवर एक घडी घालून ठेवावी तशा पाकळ्या. काकूंनी मशीन थांबवलं आणि चिमणीला दुकानात पिटाळलं. काका धापा टाकत आले. "एवढ्याशा फुलासाठी दुकान बंद करायला लावलंस?" असं म्हणाले खरं, पण मग पायरीवर बसले ते अर्धा तास उठले नाहीत.

कॅमेलियाचं फूल पाकळी पाकळी करून झडत नाही. अख्खंच्या अख्खं गळून पडतं. काकू ते उचलायच्या, एका पसरट काचेच्या वाडग्यात माझं पाणी घ्यायच्या आणि त्यावर ते फूल सोडून मशीनशेजारी ठेवायच्या. फूल माझ्या अंगाखांद्यावर पडलं तर मला काय वाटायचं, ते मी सांगत बसत नाही. मी भंगारातून आलेला ड्रम. मला एवढा मान पुष्कळ होता.

अशी किती वर्षं गेली. झाड खिडकीच्या वर गेलं. चिमणी शिकली, नोकरीला लागली, लांब दुसऱ्या देशात गेली. काकांनी दुकान विकलं आणि हत्यारांची पेटी घरी आणली. आणि एका थंडीच्या शेवटी, शेवटची फुलं गळत असताना, काकू मशीनवरच एका अंगावर कलंडल्या.

दवाखान्यातून त्या परत आल्या तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचा राहिला नव्हता. बोलणंही गेलं होतं. तोंडातून फक्त "बा… बा…" एवढंच निघायचं. समजत मात्र सगळं होतं. मला ते खिडकीतून दिसायचं, कारण काकांनी त्यांचा पलंग शिवणाच्या खोलीत, खिडकीला लागून मांडला होता. "तुला तुझं झाड दिसेल," असं ते म्हणाले. चिमणी पंधरा दिवस येऊन राहिली, रडली, आणि रजा संपली तशी गेली. जाताना तिनं झाडाला दोन मग पाणी घातलं. त्यानंतर झाड काकांच्या हातात आलं.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यात कुणी दुष्ट नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला स्वतःला ते पटायला फार दिवस लागले.

काकांनी ठरवलं की येत्या थंडीत झाड असं फुललं पाहिजे, की काकूंचे डोळे दिपले पाहिजेत. ते फूल बघून ती बोलेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. सकाळी बरोबर सात वाजता ते नळाला लांब नळी लावून झाडाला पाणी घालू लागले. मी शेजारी काठोकाठ भरलेला, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी त्यांच्या लेखी चिकटपणाचा नमुना होतो. आता बायको आजारी असताना झाडाला साठवलेलं शिळं पाणी कशाला, ताजं घालू, असा त्यांचा साधा हिशेब.

काकूंनी ते पहिल्याच दिवशी पाहिलं. त्या डावा हात उचलून माझ्याकडे दाखवू लागल्या. माझ्याकडे, मग झाडाकडे, पुन्हा माझ्याकडे. "बा! बा!"

काका लगबगीनं खिडकीशी गेले. "काय गं? काय पाहिजे? पाणी? पाणी पाहिजे का?" त्यांनी आत जाऊन पेला आणला. काकूंनी पेला ढकलला. पाणी सांडलं. पुन्हा बोट माझ्याकडे.

"ड्रम? त्या ड्रमचं काय?" काकांनी बोटाच्या दिशेनं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हात्तिच्या! आड येतोय होय तो? झाड दिसत नाही तुला! अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

काकूंनी जोरजोरात मान हलवली. पण काका खोलीतून बाहेर पडले होते. प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर घेऊन स्वतःच निघाले.

त्यांनी माझी तोटी उघडली. पावसाचं अख्खं साठवलेलं पाणी गटाराच्या वाटेनं वाहू लागलं. खिडकीतून काकू ओरडत होत्या. तो आवाज मी विसरू शकत नाही. काका हात हलवून म्हणाले, "झालंच, झालंच! जरा दम धर!" मी रिकामा झाल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांनी कवेत घेऊन, फरशीवरून खरडत, घराच्या कोपऱ्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. माझं बूड तेव्हाच फाटलं. त्यांच्या कमरेतही लचक भरली, पण ते खूश होते. खिडकीशी जाऊन म्हणाले, "बघ आता कसं मोकळं दिसतंय." काकूंनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर मी फक्त कोपऱ्यावरून झाडाची एक बाजू पाहत असे आणि दारातून घरातलं बोलणं ऐकत असे.

काका रोज सकाळी एक उकडलेलं अंडं खायचे. टरफलं झाडाला चांगली असतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. मग काय विचारता! घड्याळजीचं काम. टरफलं धुवायची, माझ्या झाकणावर वाळत घालायची, छोट्या हातोडीनं तिथंच कुटून पीठ करायचं आणि चमचाभर मोजून खोडाशी घालायचं. एक दिवस चुकवला नाही. वर माती ओढून नीट ढीग करायचा. मित्रांनो, टरफल म्हणजे चुनाच. ज्या झाडाला मी आयुष्यभर चुन्यापासून वाचवलं, त्याच झाडासाठी चुना माझ्याच डोक्यावर कुटला जात होता. माणसाला निदान डोळे मिटता येतात. मला तीही सोय नव्हती.

उन्हाळ्याअखेर कळ्या धरल्या, पण पानं पिवळी पडू लागली. नुसत्या शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. काका घाबरले. काकूंना डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या. "तुझीही हाडं कच्ची आणि याचीही," असं म्हणत त्यांनी भिंतीला लावायच्या चुन्याची निवळी करून झाडाला घातली. एकदा नव्हे, दर रविवारी.

दर रविवारी काकू ओरडायच्या. डाव्या हातानं खिडकीच्या गजावर चमचा आपटायच्या. काकूंना सांभाळायला एक मावशी येत. त्या म्हणाल्या, "चिडतात हो, या आजारात होतं असं. बाहेर बघितलं की त्यांना जास्तच त्रास होतो. पलंग फिरवा." काकांना पटेना. पण डॉक्टरही म्हणाले, उत्तेजित होऊ देऊ नका. शेवटी त्यांनी पलंग आतल्या भिंतीकडे फिरवला आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवसापासून चमच्याचा आवाज बंद झाला. मावशी म्हणाल्या, "बघा, शांत झाल्या."

थंडी आली. कळ्या तपकिरी होऊन, न उमलताच, एक एक करून गळायला लागल्या. त्यामागोमाग पानं गळाली. काका रोज खाली पडलेल्या कळ्या मोजायचे आणि फांदीवर उरलेल्या मोजायचे. "एक तरी फुलेल," असं ते मावशींना सांगायचे. मावशी मान डोलवायच्या.

आणि मग न कळवता चिमणी आली. हातात बॅग घेऊन ती मागच्या दारानं आत शिरणार, तो मला पाहून थबकली.

"बाबा, हा इथं कसा?"

"आईला आड येत होता. झाड दिसत नव्हतं तिला."

"आणि झाडाला पाणी?"

"नळाचं. रोज सात वाजता. आणि हे बघ." काकांनी माझ्या झाकणावरची टरफलं अभिमानानं दाखवली. "रोज एक चमचा. चुन्याची निवळी पण घालतो. एक दिवस चुकवला नाही, चिमे. तरी काय झालंय त्याला, कळत नाही."

चिमणीनं बॅग खाली ठेवली. ती झाडाशी गेली, गुडघ्यावर बसली, खोडाजवळची माती हातानं दूर केली. माती पांढरी पडली होती. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि किटली घेऊन आली. जुनीच किटली. इतके महिने कुणी आतून घासली नव्हती. थर बोटभर झाला होता.

"बाबा, हात घाला आत."

काकांनी बोट फिरवलं.

"हा चुना. नळाच्या पाण्यात असतो, टरफलात असतो. या झाडाला तो चालत नाही, मुळं आवळली जातात. म्हणून आई पावसाचं पाणी साठवायची. तिनं तुम्हाला कधीच सांगितलं नाही?"

"मी विचारलंच नाही." काका किटलीत बघत होते. "मला वाटलं, काटकसर…"

त्यांनी किटलीतून बोट बाहेर काढलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग झाडाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. काकूंचं बोट फिरायचं अगदी त्याच वाटेनं त्यांची नजर फिरली, आणि ते पायरीवर बसले.

"ती सांगत होती," ते म्हणाले. "चिमे, ती सांगत होती गं. कितीतरी महिने ती सांगत होती आणि मी खिडकी लावून घेतली."

चिमणी त्यांच्याजवळ बसली. दोघंही रडली. मी रिकामा होतो, म्हणून मला त्यांचा आवाज माझ्या पोटात घुमलेला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला जागेवर नेलं, या वेळी खरडत नाही, लोटगाडीवर घालून. बूड फाटलेलं पाहून चिमणी म्हणाली, "बाबा, नवा प्लास्टिकचा आणू." काका म्हणाले, "नको. हाच तिच्या ओळखीचा आहे." त्यांनी हत्यारांची पेटी काढली. ज्या डागणीनं ते घड्याळाचं केसाएवढं काम करायचे, तिनं माझ्यासारख्या धटिंगणाचं बूड डागायला बसले. दोन दिवस लागले. डाग नीट बसला नाही. पण माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी इतका वेळ वाकून बसलं नव्हतं.

तीन दिवसांनी थंडीतला बारीक पाऊस झाला आणि माझ्या पोटात वीतभर पाणी साठलं. काकांनी पलंग पुन्हा खिडकीकडे फिरवला. खिडकी उघडली. समोर काटक्या राहिल्या होत्या, फूल नव्हतं आणि पानही नव्हतं. शेजारी मी. काकांनी तो पसरट काचेचा वाडगा आणला, माझ्या तोटीखाली धरला आणि भरून काकूंच्या पुढ्यात ठेवला. वाडग्यात नुसतं पाणी होतं.

"कळलं मला," ते म्हणाले. "फार उशिरा कळलं. पण कळलं गं."

काकूंनी आधी बाहेर माझ्याकडे पाहिलं. झाडाकडे नाही, माझ्याकडे. मग डावा हात वाडग्यात बुडवला, आणि त्या ओल्या हातानं काकांच्या हातावर फटका मारला, पूर्वी टेपेनं मारायच्या तसा. मारलेला हात त्यांनी उचलला नाही, तिथंच ठेवला. काका हसले की रडले, हे मला सांगता येणार नाही, कारण पन्हळीतून गळणारे थेंब मध्ये येत होते.

थंडी संपायच्या आत काकू गेल्या.

झाडाला पुन्हा पालवी फुटली नाही. रोपवाल्या बाई आता खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यासुद्धा काठी टेकत येऊन पाहून गेल्या. नखानं साल खरवडली, आत कोरडं होतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या डब्याला गंजण्यापासून वाचवा, झाडं लावा, पावसाचं पाणी साठवा, हे सगळं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. तेही खरंच आहे. पण माझी विनंती दुसरी आहे. नुसती माया पुरत नाही. काकांकडे माया थोडी नव्हती, चमच्यानं मोजून रोज घालत होते. तुमच्या घरात कुणाला बोलता येत नसेल, कुणी म्हातारं असेल, कुणी तान्हं असेल, आणि ते कशाकडे तरी बोट दाखवत असेल, तर तिथपर्यंत चालत जा. जाऊन विचारा. मान नाही म्हणून हलली, तर पुन्हा विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.

काका अजून रोज सकाळी सात वाजता येतात. टिनाचा मग माझ्या तोटीखाली धरतात आणि त्या काटक्यांच्या मुळाशी पाणी घालतात. झाड गेलं आहे हे त्यांना कळत नाही असं समजू नका. मग ते माझ्या झाकणावर हात ठेवून विचारतात, "काय रे, अजून एक मग घालू का?"

मला बोलता येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी ते विचारतात, आणि विचारून झाल्यावर बराच वेळ थांबतात.